‘जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात’ : म्हणजे नक्की कोण?

बाळीवेस_वाचक

नमस्कार मंडळी. लिहिणं जरा लांबेल, पण विषय डोक्यातून जात नाहीये.

आमच्या गल्लीत शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जण मिळून गीता वाचतो. कुणी महाराज नाहीत, कीर्तनकार नाहीत. एकाने श्लोक म्हणायचा, दुसऱ्याने अर्थ वाचायचा, मग ज्याला जे वाटेल ते बोलायचं. बहुतेक बायका, दोन-तीन काका. परवा तिसऱ्या अध्यायातला तेरावा श्लोक आला:

यज्ञशिष्टाशिनः सन्तो मुच्यन्ते सर्वकिल्बिषैः ।
भुञ्जते ते त्वघं पापा ये पचन्त्यात्मकारणात् ॥

यज्ञात उरलेलं खाणारे सज्जन सगळ्या पापांतून सुटतात, आणि जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात. एवढाच अर्थ. वाचून झाल्यावर शेजारच्या अक्का म्हणाल्या, म्हणजे देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. दुसरी एक म्हणाली, नैवेद्य काय, दाराशी आलेला उपाशी गेला तर ते पाप. इथवर सगळं गोडीगुलाबीत.

मग एक काका बोलले. आयुष्यभर मागावर काम केलेले, ऐकायला कमी येतं म्हणून मोठ्याने बोलतात. म्हणाले, "कामगारांचा बोनस बुडवायचा आणि श्रावणात अन्नदान घालायचं, असं करणारा पंगतीत वाढतो ते बी पापच की. शिजवलं स्वतःच्याच नावासाठी." आमच्यातल्या एका ताईंच्या घरचा टॉवेलचा कारखाना आहे, आणि श्रावणात त्यांच्याकडे अन्नदान असतं. त्या उठल्या, पोथी पिशवीत घातली आणि निघून गेल्या.

तेव्हापासून दोन गट पडलेत. काही म्हणतात, काकांनी श्लोकाला राजकारण चिकटवलं. काही म्हणतात, तेच खरं बोलले. मला स्वतःला वाटतं की ग्रंथात पाप शोधताना माणूस कुणाचं पाप शोधतो, यावरून त्याचा अर्थ कितपत प्रामाणिक ते कळतं. नैवेद्यवाल्या अक्कांना आपली चूल आठवली, काकांना दुसऱ्याचा कारखाना. पण असं म्हणताना मी काकांवर अन्याय तर करत नाही ना, असंही वाटतंय. ज्याचा पैसा बुडाला त्याने बुडवणाऱ्याचं पाप नाही दाखवायचं तर कुणी दाखवायचं?

तुमचं काय मत? जाणकारांनी लिहावंच, न जाणणाऱ्यांनीही लिहावं.

उत्तरकसबा

चांगला धागा. काकांचं बोलणं परंपरेच्या बाहेरचं आहे असं कुणी समजू नये, म्हणून थोडं लिहितो.

शंकराचार्यांनी या श्लोकावर भाष्य करताना पंचसूनांची आठवण दिली आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातले पाच खाटीकखाने सांगितलेत: चूल, पाटा-जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. या पाचांत रोज नकळत जीव मरतात. त्या पापासाठी पंचमहायज्ञ: अध्ययन, पितृतर्पण, होम, प्राणिमात्रांना अन्न, अतिथीला अन्न. म्हणजे आचार्यांच्या वाचनात हे पाप रोजच्या जगण्यालाच चिकटलेलं आहे, चांगल्यातल्या चांगल्या घरातही.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं गीतारहस्य १९१५ साली आलं. त्यात यज्ञ फक्त अग्नीपुरता राहत नाही, लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाज नीट चालावा म्हणून, फलाशा सोडून केलेल्या कर्मापर्यंत पोचतो. गांधीजींनी तिसऱ्या अध्यायातल्या यज्ञात अंगमेहनत पाहिली: जो शरीरश्रम न करता खातो तो चोरीचं खातो. आता काका गांधीजींच्या किती जवळ गेले बघा, बहुधा त्यांचं काही न वाचताच. आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ‘केवलाघो भवति केवलादी’ आहेच. एकटा खाणारा केवळ पापाचाच धनी होतो.

पूर्वभाग

काका बरोबर. एवढंच लिहिते आत्ता. सविस्तर रात्री, पोरं झोपल्यावर.

शरणमार्ग

आपण सिद्धरामेश्वरांच्या गावात बसून हे बोलतोय म्हणून सांगावंसं वाटतं.

सिद्धरामांनी सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तलाव खोदला, अडुसष्ट लिंगं स्थापली, रानोमाळ माणसं कामाला लावली. पुण्यकर्मच ते. तरी शिवशरण संत अल्लमप्रभू आले ते त्यांना खडसावायलाच. तळी खोदून, देवळं बांधून मुक्ती मिळते काय? आतला अहंकार कुठे गेला? हा संवाद शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, परंपरेत फार मोलाचा मानतात, कारण त्यात चांगल्या कामाचीही झडती आहे. पुढे सिद्धराम बसवण्णांच्या कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) गेले.

बसवण्णांच्या वचनात पापाची यादी अगदी छोटी आहे. चोरी करू नको, हत्या करू नको, खोटं बोलू नको, रागावू नको, दुसऱ्याचा तिरस्कार करू नको, स्वतःची स्तुती करू नको, समोरच्याची निंदा करू नको. हीच अंतरंगशुद्धी, हीच बहिरंगशुद्धी. यात सोवळं नाही, विटाळ नाही, तिथी नाही. आणि ‘स्वतःची स्तुती’ चोरी-हत्येच्या रांगेत बसवली आहे हे माझ्या आजोबांनी मला पहिल्यांदा दाखवलं. अन्नदानाच्या फ्लेक्सवर स्वतःचा फोटो छापणाऱ्यांनी ते वाचावं.

सम्राटचौक

सगळ्यांचं वाचलं. मला वेगळ्या बाजूने बोलायचंय, आणि जरा कडक बोललो तर समजून घ्या.

‘अर्थ वेगवेगळे निघतात’ हे ऐकायला छान वाटतं. पण आमच्या आज्या-पणज्यांच्या बाबतीत शेकडो वर्षं एकच अर्थ निघाला. स्पर्श म्हणजे पाप, पाणवठ्यावर जाणं म्हणजे पाप, मंत्र कानावर पडणं म्हणजे पाप. तेव्हा कुणी चार टीका, म्हणजे भाष्यग्रंथ, काढून बसलं नाही. चोखोबा मंगळवेढ्याचे, ‘ऊस डोंगा परि रस नोहे डोंगा’ असं म्हणून गेले, आणि त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर. आत जायला १९४७ साल उजाडलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं तेव्हा. म्हणून २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हेही लक्षात ठेवा. काही वेळा नवा अर्थ लावून भागत नाही, पुस्तकच बाजूला ठेवावं लागतं.

बुद्धाच्या धम्मात पापाचं मोजमाप चेतनेवर आहे. ‘चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि’, म्हणजे हेतूलाच मी कर्म म्हणतो. कुणाच्या पोटी जन्मलात याच्याशी त्याचा संबंध नाही.

त्या काकांना माझा जय भीम सांगा.

उत्तरकसबा

@सम्राटचौक, तुमच्या एकाही वाक्यावर माझी हरकत नाही. वर मनुस्मृतीचा दाखला दिला तो मीच, आणि त्याच पुस्तकाने काय केलं तेही खरं आहे.

फक्त एक भर घालतो. ‘वाटेल तो अर्थ’ काढायला परंपरेतही मोकळीक नव्हती. तात्पर्य ठरवायला सहा खुणा सांगितल्या आहेत: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. म्हणजे सुरुवात-शेवट जुळतो का, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे, नवीन काय सांगितलं, त्याचं फळ काय, कोणता भाग केवळ स्तुती-निंदेचा, आणि ते युक्तीला धरून आहे का. या कसोट्या प्रामाणिकपणे लावल्या असत्या तर बरेच ‘पाप’ अर्थवादात निघाले असते. लावल्या नाहीत, कारण लावणाऱ्यांचं त्यात हित नव्हतं. धर्माचं मूळ सांगताना मनूने श्रुती, स्मृती, सदाचार यांच्यानंतर चौथं ‘आपल्या आत्म्याला जे प्रिय’ तेही धरलं आहे. त्या चौथ्याचा उच्चार प्रवचनात फारसा होत नाही.

विजापूरवेस

अस्सलाम वालेकुम, नमस्कार. रोज वाचतो, लिहितो कधीतरी.

आमच्यात काय चालतं ते सांगतो. माझी मामी रत्नागिरीकडची. तिच्याकडे कोळंबीचा पुलाव म्हणजे पाहुणचार. आमच्या घरी दादीच्या ताटात कोळंबी कधी आली नाही. कारण कोकणी मुसलमान शाफई, आणि आपल्याकडचे बहुतेक हनफी. हे दोन मजहब, म्हणजे शरियतचा अर्थ लावण्याच्या दोन परंपरा. शाफई मजहबात समुद्रातलं सगळं चालतं. हनफींमध्ये मासा चालतो, पण कोळंबीला मासा म्हणायचं की नाही यावर उलमांचेच, म्हणजे धर्मपंडितांचेच, दोन तट. कुरआन एकच, नमाज पाच वेळचीच. लग्नानंतर दादी आणि मामी एका दस्तरखानावर बसल्या, कुणी कुणाला गुनाहगार म्हटलं नाही. दादी फक्त म्हणायची, "तू खा बेटी, तुम्हारे इमाम ने इजाजत दी है."

पण कोळंबीपेक्षा मोठी गोष्ट अशी की आमच्यात गुनाहचे दोन हिशेब आहेत. एक अल्लाहच्या हक्काचा, हुकूकुल्लाह: नमाज चुकली, रोजा सुटला. तिथे सच्ची तौबा केली तर अल्लाह माफ करणारा आहे. दुसरा बंद्यांच्या हक्काचा, हुकूकुल इबाद: कुणाचे पैसे खाल्ले, कुणाची बदनामी केली. त्याची माफी त्या माणसाकडूनच घ्यावी लागते, हक्क परत करावा लागतो. हज करून आलात तरी उधारी अंगावरच.

तुमच्या काकांचा सवाल दुसऱ्या वहीतला आहे असं मला वाटतं.

शुक्रवारपेठ

विजापूरवेस भाऊंनी लिहिलं त्याला आमच्याकडे जोड आहे. पर्युषण पर्वानंतर क्षमावणीच्या दिवशी आम्ही जैन घरोघर जाऊन क्षमा मागतो. देवापुढे मागून भागत नाही, ज्याला दुखावलं त्याच्या दारात जावं लागतं. माझ्या वडिलांनी भावकीतल्या एका माणसाशी जमिनीवरून अबोला धरला होता, आणि क्षमावणीला त्याच्याच उंबऱ्याशी उभे राहिलेले मी पाहिलेत. तो बाहेर आला नाही. पुढच्या वर्षी परत गेले.

पापाबद्दल आमच्या तत्त्वार्थसूत्र या ग्रंथाची व्याख्या अशी: ‘प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा’. बेसावधपणे, कषायांच्या (राग, लोभ अशा विकारांच्या) भरात जीव घेणं म्हणजे हिंसा. आचार्य धीवराचा आणि शेतकऱ्याचा दाखला देतात. कोळी दिवसभर गळ टाकून बसला, एकही मासा लागला नाही, तरी तो पापी. शेतकऱ्याच्या नांगराखाली असंख्य जीव मेले तरी त्याच्या मनात मारणं नव्हतं. आता यावर आमच्यातही दोन मतं. कांदा-बटाटा न खाणारे म्हणतात, भाव शुद्ध हवा हे खरं, पण बाहेरची हिंसाही टाळा. दुसरे म्हणतात, बटाटा सोडला आणि व्याजात माणूस पिळला तर काय सोडलं? आमच्या घरात दोन्ही मतं एका टेबलावर जेवतात.

@सम्राटचौक, चेतनेचं जे लिहिलंत ते आणि हे फार जवळ आहे.

रेल्वेलाईन्स

मी ख्रिस्ती आहे, म्हणून आमच्याकडचं.

बायबलमध्येही एकच सूर नाही. निर्गमाच्या पुस्तकात आहे की बापाच्या अन्यायाबद्दल देव तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत मुलांना शासन करतो. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात उलट: मुलगा बापाच्या अन्यायाचा भार वाहणार नाही, जो पाप करील तोच मरेल. आणि योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानेही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही.

हे मी मुद्दाम लिहितेय. माझ्या बहिणीला कोड आहे. लहानपणी तिला शेजारपाजारचे सगळ्या धर्मांचे लोक ‘मागचं काहीतरी’ म्हणत आले. आमच्याच लोकांपैकी एका बाईने आईला विचारलं होतं, घरात कुणी शाप ओढवून घेतला का? बहीण तेव्हा शाळेत होती. तिने स्वतः योहानाचा नववा अध्याय काढून त्या बाईंना वाचून दाखवला. ग्रंथ कुणाच्या हातात आहे यावर बरंच अवलंबून असतं.

पूर्वभाग

सकाळी लिहिलेलं पुरं करते. रेल्वेलाईन्स ताईंचं वाचून हात थरथरला.

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीने पान कापायचं, भरायचं, वळायचं, दोरा बांधायचा. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. कारखान्यात नेल्या की त्यातल्या काही नापास करून बाजूला काढायचे, त्यांचे पैसे नाहीत, आणि विड्या परतही नाहीत. तिला खोकला लागला, पुढे क्षय निघाला. तेव्हा एका शहाण्या माणसाने माझ्या वडिलांना सांगितलं, मागच्या जन्मी ब्रह्महत्या केली की या जन्मी क्षय होतो, शास्त्रात लिहिलंय. नंतर मी शोधलं. खरंच लिहिलंय, मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात. सोनं चोरलं तर नखं खराब, दारू प्याला तर दात काळे, ब्रह्महत्या केली तर क्षय. कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवून दिला, तरी हे आमच्या घरात येऊन बोलायला त्या माणसाला लाज वाटली नाही.

आईने औषधाचा कोर्स पुरा केला, बरी झाली. पण मागच्या जन्मी आपण कुणाला मारलं असेल, हा विचार तिच्या मनातून अखेरपर्यंत गेला नाही. मार्कंडेयाच्या देवळात जाऊन हात जोडायची ती माफी मागायला. कशाची माफी? विड्या नापास करणाऱ्याने कधी मागितली नाही.

बाळीवेस अक्का, तुम्ही लिहिलंत की पाप कुणाचं शोधतो त्यावरून प्रामाणिकपणा कळतो. माझ्या आईने जन्मभर स्वतःचंच शोधलं. प्रामाणिकच होती ती. त्याचं काय झालं?

बाळीवेस_वाचक

पूर्वभाग, तुझ्या या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही, आणि देणारही नाही. माझं म्हणणं जिथे लागू पडत नाही ती जागा तू नेमकी दाखवलीस. स्वतःचं पाप शोधायला सांगणं हे बळाच्या माणसाला सांगायचं असतं. आधीच वाकलेल्याला तेच सांगितलं तर तो त्याच्या पाठीवर आणखी एक ओझं होतं. तुकोबांनी ‘पुण्य पर उपकार पाप ते परपीडा’ म्हटलं, त्यात तुझ्या आईने कुणाला पीडा दिली? त्या ओळीच्या उजेडात तिचं पाप शून्य आहे. पाप त्या शहाण्या माणसाचं.

मंगळवेढेकर

धागा उत्तम. दामाजीपंतांशिवाय तो पुरा होणार नाही, म्हणून आलो.

दुष्काळ पडला होता. दामाजी बिदरच्या बादशहाचे अंमलदार, कोठारं भरलेली. त्यांनी ती लोकांना खुली केली. कायद्याने पाहिलं तर मालकाच्या ठेवीला हात लावला. विश्वासाने सोपवलेलं धान्य न विचारता वाटलं, म्हणजे नोकराच्या धर्मात हा सरळ गुन्हा, आणि कुठल्याही धर्मग्रंथात चोरी पापच. तरी महिपतीबुवांच्या भक्तविजयात विठोबा स्वतः विठू महार होऊन बिदरला पैसे भरायला जातो.

लहानपणापासून मी या कथेत चमत्कार ऐकला. आता वाटतं, त्यात एक फार नेमकी गोष्ट आहे. विठोबा बादशहाला ‘तू चूक, दामाजी बरोबर’ असं सांगत नाही. तो धान्याची किंमत मोजून देतो आणि पावती घेतो. भुकेल्याचा हक्क मोठा, पण बादशहाचा हक्कही बुडवलेला नाही. विजापूरवेस यांच्या दुसऱ्या वहीचा हिशेब देवानेही चुकवला.

सम्राटचौक

आणि तो चुकवायला देवाला महार व्हावं लागलं, हेही लिहा.

मंगळवेढेकर

लिहितो. तेच त्या कथेचं मर्म आहे.

सात_रस्ता

चंद्रभागेत बुडी मारून आलं की सगळं धुतलं जातं असं मानणाऱ्यांपैकी माझी आई एक. तिला मी तुकोबांचं ‘जाऊनियां तीर्था काय तुवां केलें । चर्म प्रक्षाळिलें वरी वरी’ ऐकवलं. ती म्हणाली, तुकोबा पण वारीला जातच होते की. मला पुढे बोलता आलं नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात ‘अहं त्वा सर्वपापेभ्यो मोक्षयिष्यामि’ आहे, सर्व पापांपासून. मग माणसाची माफी वेगळी का मागायची? उत्तरकसबा, सांगा.

उत्तरकसबा

त्या ओळीच्या आधी सतरा अध्याय आहेत, आणि ती ऐकणारा अर्जुन रथ सोडून पळालेला नाही, समोरच्या कर्तव्याला उभा आहे. ‘मला शरण ये’ याचा अर्थ ‘शेजाऱ्याचे पैसे बुडव’ असा एकाही मोठ्या टीकाकाराने केलेला माझ्या वाचनात नाही. आईंना वारीला जाऊ द्या. जाण्यापूर्वी कुणाशी काही बाकी असेल तर तेवढं मिटवून जा म्हणावं.

बाळीवेस_वाचक

सांगायला आले. काल त्या ताईंच्या घरी गेले होते. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी मागांच्या खोलीत नेलं. निम्मे माग बंद. एका कोपऱ्यात कांड्या तशाच पडलेल्या. म्हणाल्या, सुताचा भाव, वीजबिल, बँकेचा हप्ता, यात मागच्या दिवाळीचा बोनस अर्धाच दिला, बाकीचा द्यायचा राहिला, हे खरं. अन्नदान सासऱ्यांनी सुरू केलेलं, ते मोडलं तर लोक काय म्हणतील म्हणून चालू ठेवलं. मग त्यांनी सरळ विचारलं: "दोन्हीला पैसे पुरत नाहीत. ग्रंथ काय म्हणतो, आधी काय करू?"

मी म्हटलं, विचारून सांगते. म्हणून विचारतेय.

विजापूरवेस

आमच्याकडे याला फार विचार करावा लागत नाही. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, अशी मशहूर हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. माणूस मेला तरी वारसांच्या वाटणीआधी त्याचं कर्ज फेडायचं, हे कुरआनच्या चौथ्या सूऱ्यात आहे. सदका, म्हणजे दानधर्म, नंतर.

शुक्रवारपेठ

बोनस. आणि राहिलेला देताना ‘उशीर झाला, क्षमा करा’ असं तोंडाने म्हणावं.

उत्तरकसबा

ज्या अकराव्या अध्यायाने पूर्वभाग यांच्या आईला छळलं, त्याच्याच सुरुवातीला हेही आहे: स्वतःची माणसं हालात जगत असताना जो समर्थ माणूस परक्यांना दान देतो, त्याचं ते दान धर्माची नुसती नक्कल आहे, ओठाला मध आणि चवीला विष. ‘स्वजन’ म्हणजे घरचेच, असं टीकाकार म्हणतील. मागावर पंधरा-वीस वर्षं काम केलेला माणूस स्वजन नाही का, हे ताईंनी ठरवावं. मी तर आहे म्हणेन.

पूर्वभाग

आधी बोनस. अन्नदान बंद पडलं म्हणून कुणी नावं ठेवली तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

बाळीवेस_वाचक

हे सगळं छापून ताईंना नेऊन देते. काकांना मोठ्या अक्षरात लागेल. शनिवारी चौदावा श्लोक घेणार होतो, पण ताईंनी तेराव्यावरच परत बसू या म्हणून सांगितलंय. ज्यांना यायचंय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता कळवते.